पडण्यापुरती परवानगी

नाना ज्युदो खेळायचे ही गोष्ट खरी होती. तीन वर्षं, कॉलेजच्या संघात, सकाळी साडेसहा ते आठ. त्यात तिळमात्र खोटं नव्हतं. खोटं होतं ते त्यापुढे लोकांनी गृहीत धरलेलं, आणि नानांनी त्यांना गृहीत धरू दिलेलं. माणूस फसतो तो असाच. सरळ थाप मारणाऱ्याला निदान आपण काय बोललो ते आठवत तरी असतं.

खरा प्रकार असा होता. संघात आठ धट्टीकट्टी मुलं होती आणि त्यांना सरावासाठी पाडायला कुणीतरी हवं होतं. नाना वजनाला हलके, स्वभावाने गरीब आणि वेळेवर येणारे. पहिल्याच दिवशी एकाने त्यांना खांद्यावरून फेकलं. नाना उठले, विजार झटकली आणि परत जागेवर येऊन उभे राहिले. प्रशिक्षकांनी ते पाहिलं आणि नानांचं क्रीडाजीवन तिथेच ठरून गेलं. पुढची तीन वर्षं नाना पडत राहिले. कमरेवरून पडले, खांद्यावरून पडले, पायात पाय अडकवून पाडलं गेल्यामुळे पडले. "तुझी पाळी यांच्यानंतर," असं प्रशिक्षक रोज म्हणत, आणि यांचं होईपर्यंत आठची घंटा वाजे. संघाने दोन ढाली जिंकल्या. त्या संघाच्या फोटोत अगदी कडेला एक अर्धा खांदा दिसतो, तो नानांचा. आयुष्यात नानांनी एकाही माणसाला पाडलेलं नव्हतं.

हे त्यांच्या बायकोला ठाऊक होतं, आणि तिने ते कधी बाहेर काढलं नव्हतं, हा तिचा मोठेपणा. पण लेकीला ठाऊक नव्हतं. लेकीला घरात आणि इमारतीत सगळे बारकी म्हणत. ती पाच वर्षांची असताना तिच्या हाती तो फोटो लागला. हे काय, असं तिने विचारलं. नाना म्हणाले, "मी ज्युदो खेळायचो." ती म्हणाली, "बाबा, तू किती जणांना पाडलंस?" त्याच क्षणी गॅसवरचं दूध उतू गेलं. दुधाकडे धावता धावता नाना म्हणून गेले, "मोजले नाहीत."

शब्दशः पाहिलं तर हेही खरंच होतं. शून्य मोजावं लागत नाही. पण बारकीने त्याचा अर्थ तिच्या परीने लावला. आता ती दहा वर्षांची होती, आणि या पाच वर्षांत नानांनी पाडलेल्या माणसांची संख्या शाळेत, गच्चीवर आणि जिन्यात वाढत वाढत इतकी झाली होती की तेवढी माणसं त्या इमारतीत राहातही नव्हती.

एका संध्याकाळी इमारतीच्या समितीचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. सेक्रेटरी कुणाच्या घरी आले की एकतर पाण्याची टाकी गळत असते, नाहीतर वर्गणी राहिलेली असते. त्या दिवशी दोन्ही नव्हतं.

"नाना, तुम्ही एवढे मोठे चॅम्पियन, आणि आम्हाला पत्ता नाही?"

"कोण म्हणालं?"

"सगळी पोरं म्हणतात. संध्याकाळी ही पोरं खाली नुसता गोंधळ घालतात. काचा फुटतात. खालचा हॉल रिकामा आहे. तुम्ही त्यांना ज्युदो शिकवा, इमारतीवर उपकार होतील."

'मी चॅम्पियन नव्हतो' हे वाक्य नानांच्या ओठांवर तयार होतं. ते बाहेरही आलं असतं. पण आतल्या खोलीच्या पडद्याआड बारकी उभी होती. तिची फक्त पावलं दिसत होती, आणि ती पावलं टाचा उचलून बोटांवर उभी होती. नाना म्हणाले, "बघू."

नोकरदार माणसाच्या तोंडून 'बघू' बाहेर पडलं की त्याचा अर्थ 'नाही' असा असतो. सेक्रेटरींना तो 'हो' असा वाटला, कारण ते स्वतः व्यापारी होते. रविवारी समितीची बैठकच बसली.

बैठकीत पहिल्या मजल्यावरच्या हेडमास्तरांनी हरकत घेतली. ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण हरकत घेण्याच्या कामातून निवृत्त झाले नव्हते. एकमेकांना पाडायला शिकवलं तर पोरं उद्या जिन्यात आपल्यालाच पाडतील, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर नानांनी अतिशय गंभीरपणे सांगितलं की ज्युदोत आधी पडायला शिकवतात. पाडणं फार पुढची गोष्ट. पडणं नीट आलं नाही तर माणूस हात टेकवतो आणि मनगट मोडून घेतो. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. या विषयातलं त्यांना खरोखरच सगळं येत होतं. समितीवर परिणाम झाला. बराच खल होऊन ठराव लिहिला गेला तो असा: मुलांना हॉलमध्ये सायंकाळी सहा ते सात या वेळेत पडण्यापुरती परवानगी देण्यात येत आहे, पाडण्याबाबत नंतर विचार करण्यात येईल, पडताना आवाज करू नये, आणि प्रशिक्षकांनी क्रीडा कार्यालयात रीतसर नोंदणी करावी.

ठराव ऐकून नानांना धन्य वाटलं. पडण्यापुरती परवानगी. समितीचं 'नंतर विचार करू' म्हणजे काय ते सगळ्या जगाला माहीत आहे. जन्मभर पोरांना पडायला शिकवावं, पाडायची वेळच येऊ नये, आणि बारकीचा बाबा बारकीला वाटतो तेवढाच मोठा राहावा. याहून जास्त काही नको होतं त्यांना.

क्रीडा कार्यालयातल्या बाई चष्म्यावरून बघणाऱ्यांपैकी होत्या. नानांनी कपाटाच्या तळाशी तीस वर्षं पडून असलेलं प्रमाणपत्र पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं, 'संघास बहुमोल सहकार्य केल्याबद्दल.'

"सहकार्य म्हणजे नक्की काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"संघाच्या सरावात मी रोज असायचो."

"म्हणजे खेळाडू म्हणून?"

"रोज असायचो," नाना पुन्हा म्हणाले.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मागे रांगेत सात माणसं होती आणि जेवणाची सुट्टी जवळ आली होती. त्यांनी रकान्यात 'अनुभवी' असं लिहिलं आणि तीन महिन्यांचं तात्पुरतं नोंदणीपत्र हातात ठेवलं.

आता इथे नानांच्या नोकरीची गोष्ट सांगायला हवी. नाना एका मोठ्या कार्यालयात जावक विभागात होते. कार्यालयातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून जाई. बावीस वर्षांत लाखभर पत्रं गेली असतील. पण पत्रात काय लिहिलंय ते वाचायचं नसतं, हा त्या टेबलाचा धर्म आहे. क्रमांक बघायचा, तारीख बघायची, सही आहे का बघायची, नोंद करायची, पुढे पाठवायचं. वाचत बसणारा जावक कारकून संध्याकाळपर्यंत बुडतो. त्यामुळे नोंदणीपत्र हातात आल्याबरोबर नानांनी क्रमांक पाहिला, तारीख पाहिली, सही पाहिली, घरी येऊन वहीत नोंद केली आणि ते फाइलमध्ये लावून टाकलं. पत्राला मागची बाजू होती, आणि त्या बाजूला मजकूर होता. पण तो काही क्रमांक नव्हता, तारीखही नव्हती.

मग गाद्या. सेक्रेटरींनी फळ्यावर 'प्रत्येक घराने एक गादी द्यावी' असं लिहिलं आणि प्रत्येक घराने जी गादी पाहुण्यालाही देववत नाही ती आणून टाकली. कापूस एका कोपऱ्यात जमलेल्या, मधोमध खड्डा पडलेल्या, एक तर अशी की तिच्यावर बसल्यावर ती उसासा टाकायची. नानांनी दोन रविवार खपून त्या सुतळीने एकमेकींना शिवल्या आणि वरून ताडपत्री ताणून बसवली. पोशाखाचं काम कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे दिलं. जाड कापडाचा, पुढून उघडा, पट्ट्याने बांधायचा अंगरखा, असं नानांनी त्याला तीनदा समजावलं. शिंपी हुशार होता आणि त्यामुळेच घोटाळा झाला. पुढून उघडा अंगरखा पोरांना गार लागेल म्हणून त्याने आपल्या पदरच्या पाच पाच काळ्या गुंड्या लावल्या, आणि वर एक खिसाही. पहिल्याच दिवशी हॉलभर गुंड्या उडाल्या.

वर्ग मात्र सुरू झाला. अकरा मुलं आली. नाना त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आज आपण पडायचं."

ते पडले. मागे पडले, बाजूला पडले, पुढे गोलांटी घेऊन पडले. पन्नाशीला आलेला, चष्मा खिशात ठेवलेला एक कारकून ताडपत्रीवर असा पडला की पोरं टाळ्या वाजवायची विसरली. "हनुवटी छातीला. नजर पट्ट्याच्या गाठीवर. आणि अंग टेकायच्या आत हाताने जमिनीला थाप द्यायची, म्हणजे मार जमीन खाते, आपण नाही." बारकी पहिल्या रांगेत होती. तिचे डोळे चमकत होते. नानांना त्या क्षणी फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

आवाजाचा प्रश्न तिसऱ्या दिवशी आला. थाप दिली की आवाज होतो, आणि ठरावात आवाज करू नये असं लिहिलेलं होतं. हॉलला लागून राहाणाऱ्या आजींनी लेखी तक्रार दिली की सहा ते सात या वेळेत आपल्या भिंतीतून कुणीतरी धुणं धोपटतंय. सेक्रेटरी घड्याळ घेऊन हॉलमध्ये बसले. "नाना, हात जरा हळू आपटला तर?" नाना म्हणाले, "मग पाठ जोरात आपटेल." शेवटी आजींना वर्गाला बोलावून खुर्चीवर बसवलं. त्या रोज येऊ लागल्या. कोण नीट पडलं नाही ते त्या काठीने दाखवू लागल्या, आणि त्यांच्यासमोर चुकीचं पडायची पोरांची छाती होईना.

दीड महिना झाला. पोरं नुसती पडत होती. वर्गात पडत, शाळेत पडत, घरी पलंगावरून पडत. चौथ्या मजल्यावरची डॉक्टरीण तक्रार घेऊन आली. तिचा मुलगा ढब्ब्या वर्गातला सगळ्यात वजनदार विद्यार्थी. "अहो, अभ्यासाला बस म्हटलं की हा आडवा होतो. म्हणतो, सराव चाललाय." हेडमास्तरांनी जिन्यात नानांना गाठलं. "माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो मुलांना पडताना पाहिलंय. एकालाही शिकवावं लागलं नव्हतं." नाना सगळ्यांना एकच उत्तर देत, "पाया पक्का व्हायला हवा." पाया किती पक्का करायचा याला काही मर्यादा नसते, हे त्या उत्तराचं बळ होतं.

पण सुखाने राहू देईल तर तो जिना कसला. एका सकाळी जिना नुकताच धुतलेला होता आणि ढब्ब्या शाळेला उशीर झाला म्हणून धावत उतरत होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याचा पाय सटकला. वर त्याची आई, खाली हेडमास्तर, दोघांच्या डोळ्यांदेखत ते पोर सात पायऱ्या खाली गेलं. दप्तर एकीकडे, डबा एकीकडे. ढब्ब्याने हनुवटी छातीला लावली, अंग गोळा केलं, खालच्या फरशीवर हाताची खणखणीत थाप दिली आणि उभा राहिला. खरचटलंसुद्धा नव्हतं. हेडमास्तरांना मात्र भिंतीला टेकून खाली बसावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी मुलाला सोडून आधी त्यांची नाडी पाहिली.

त्या संध्याकाळी नाना घरी आले तेव्हा दारात सहा बिऱ्हाडं उभी होती. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मी चुकलो." असं ते याआधी कधी म्हणाले असतील असं कुणाला आठवत नव्हतं. आणि मग, चांगल्या माणसांनी घात करावा तसा त्यांनी घात केला. लगेच समितीची तातडीची बैठक बोलावून एकमताने ठराव करून घेतला, की मुलांना आता पाडण्याचीही परवानगी देण्यात येत आहे.

नाना रात्री जेवले नाहीत. बायको म्हणाली, "अहो, सांगून टाका ना तिला. लहान आहे, विसरून जाईल."

"ती विसरणार नाही," नाना म्हणाले. "पाच वर्षांपूर्वीचे माझे दोन शब्द तिला अजून आठवतात."

पण पाडणं शिकवायचं कसं, याचं उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गातच सापडलं, आणि ते नानांनाही अनपेक्षित होतं. त्यांना एकही फेक येत नव्हती, पण प्रत्येक फेक खालून कशी लागते ते त्यांच्या हाडांना पाठ होतं. त्यांनी ढब्ब्याला समोर उभं केलं. "माझी बाही धर. दुसरा हात गळपट्टीला. आता वळ आणि तुझी कंबर माझ्या कमरेखाली आण. नाही, अजून माझं वजन टाचांवरच आहे. ओढ. अजून ओढ. हं, आता आलं बोटांवर. आता वाक." आणि नाना हवेतून गेले. उठले. "चांगलं होतं, पण डावा हात लवकर सोडलास, मला जाणवलं. पुन्हा."

अकरा मुलं, प्रत्येकी दहा वेळा. महिनाभर रोज. मग पकडी सुरू झाल्या. नाना पाठीवर आडवे, छातीवर एक पोर आडवं, आणि पुरे झालं की हाताने दोन थापट्या द्यायच्या म्हणजे वरच्याने लगेच सोडायचं, हा ज्युदोचा कायदा. पोरं कायदा पाळत, फक्त पाळायच्या आधी पाचपर्यंत मोजत. ऑफिसात नाना खुर्चीवर बसताना टेबलाचा आधार घेऊ लागले. आवक विभागातल्या सहकाऱ्याने घरी काही त्रास आहे का, असं एकांतात विचारलं. घरी बायको पाठीला मलम चोळताना काही बोलत नसे, पण चोळण्यातून तिचं मत कळे.

मुलं मात्र तयार होत होती. कुठे ढिलं पडलं, कुठे घाई झाली, ते ज्याच्यावर बेततं तोच सांगू शकतो, आणि नाना ते रोज शंभर वेळा सांगत होते. फक्त बारकीचा एक हट्ट सुटेना.

"बाबा, तू एकदा तरी कुणाला पाड ना."

"शिक्षकाने विद्यार्थ्याला पाडायचं नसतं," नाना म्हणाले. हा नियम त्यांनी त्याच क्षणी तयार केला होता. तो इतका उदात्त वाटला की दोन दिवसांत इमारतभर झाला. हेडमास्तरांनी तो खडूने हॉलमधल्या फळ्यावर लिहिला आणि खाली रेघ मारली.

तीन महिने संपत आले तेव्हा क्रीडा कार्यालयातून पत्र आलं की येत्या रविवारी सकाळी दहाला परीक्षक पाहाणीला येतील, मूळ नोंदणीपत्र तयार ठेवावं. नानांनी फाइल काढली. बारकी शेजारी बसली होती. तिला वाचायची वाईट खोड होती. तिने नोंदणीपत्र उलटलं आणि मोठ्याने वाचलं, "मुलांनी दोन प्रकारे पडणे, दोन फेकी व एक पकड सादर करावी. प्रशिक्षकाने स्वतः एक फेक सादर करणे अनिवार्य. अन्यथा वर्ग बंद करण्यात येईल." मग तिने वर पाहिलं. "बाबा, म्हणजे आता तुला पाडावंच लागेल."

असा आनंद नानांनी तिच्या तोंडावर फार दिवसांत पाहिला नव्हता.

पुढचे पाच दिवस कसे गेले ते नानांनाच ठाऊक. एका दुपारी त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली, रिकाम्या हॉलमध्ये जाऊन एक गादी गुंडाळून उभी केली, तिला पट्टा बांधला आणि तिला कमरेवरून फेकायला गेले. गादी त्यांच्या अंगावर आली. पाच वेळा आली. सहाव्यांदा दोघंही पडली, आणि नाना सवयीने इतके सुरेख पडले की त्यांना स्वतःचाच राग आला. शरीराला तीस वर्षांपूर्वी जी एक बाजू शिकवली होती तीच त्याला येत होती. वळून कंबर घालायची वेळ आली की अंग आपोआप मोकळं होऊन फेकलं जायची वाट बघत उभं राही. क्रीडा कार्यालयातल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सवलतीचा अर्ज मिळतो, पण तो परीक्षकांच्या शिफारशीनेच करता येतो.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी बारकीला जिन्यात गाठलं. ती पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती.

"बारके, मी कॉलेजात ज्युदो खेळायचो ना, तेव्हा मी जास्त करून पडायचोच."

"सगळेच पडतात. तूच म्हणतोस."

"तसं नाही. म्हणजे उद्या जर मला नाही जमलं…"

तिने मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. नाना बघत असताना तिने बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "तुला जमेल," ती म्हणाली आणि पळाली. नाना तिथेच पायरीवर बसून राहिले. या वयात लेकीच्या नजरेतून उतरायचं, आणि तेही अख्ख्या इमारतीसमोर, खुर्च्या मांडून. यापेक्षा चौथ्या मजल्यावरून उतरणं सोपं होतं, निदान तिथे कसं पडायचं ते माहीत होतं.

रविवारी हॉल भरला. परीक्षक आले. आडवा बांधा, पैलवानासारखे चुरगळलेले कान, अन् चेहऱ्यावर कंटाळा. खुर्चीत बसले तेव्हा खुर्ची बोलली. मुलं एकामागून एक आली, वाकली, पडली. थापांचा आवाज असा उठला की आजींनी काठी आपटून दाद दिली. फेकी झाल्या. ढब्ब्याला बारकीने खांद्यावरून असं फेकलं की परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. पकड झाली. दोन थापट्या, आणि पोराने लगेच सोडलं. परीक्षकांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा गेला होता.

"छान," ते म्हणाले. "आता सर, तुमची फेक."

हेडमास्तर उभे राहिले. "क्षमा करा, पण आमच्या सरांचं तत्त्व आहे. शिक्षकाने विद्यार्थ्याला पाडायचं नसतं."

"हा नियम कुठला?" परीक्षकांनी विचारलं.

हेडमास्तरांनी फळ्याकडे बोट दाखवलं. परीक्षकांनी फळा वाचला, मग नानांकडे पाहिलं. "विद्यार्थी नको, तर मी येतो. मला पाडा."

ते नव्वद किलोंच्या खाली नव्हते. आता खरं बोलायचं, दुसरा रस्ता नाही, असं ठरवून नानांनी तोंड उघडलं. तेवढ्यात ताडपत्रीवर पावलं वाजली. बारकी त्यांच्यासमोर येऊन उभी होती. तिने वाकून नमस्कार केला, जसा तो करायचा असतो तसा, आणि त्यांची बाही धरली.

"मी येते," ती परीक्षकांना म्हणाली. "मी त्यांची मुलगी आहे. मग चालेल."

परीक्षकांनी मान हलवली. नानांनी तिची बाही धरली. दुसरा हात गळपट्टीला गेला. तो हात थरथरत होता आणि तिला ते कळत असणार, हे त्यांना कळत होतं. त्यांनी ओढलं. ते वळले, कमी वळले, कंबर जिथे यायला हवी तिथून वीतभर दूर राहिली. आता सगळं संपलं, असं त्यांच्या मनात आलं. आणि त्याच क्षणी त्यांच्या पाठीवरून काहीतरी अलगद, बिनवजनाचं वर उठलं आणि पुढे गेलं. बारकी हवेतून वळली, तिचा हात ताडपत्रीवर आदळला आणि त्या थापेने हॉल दुमदुमला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. सेक्रेटरी शेजाऱ्याला सांगत होते, "बघितलंत? म्हणूनच ते रोज पाडत नाहीत." नाना मात्र वाकलेल्या अवस्थेत तसेच राहिले. त्या अख्ख्या हॉलमध्ये फक्त त्यांनाच माहीत होतं की त्यांनी काहीही केलेलं नाही. कॉलेजात विश्वस्तांचा भाचा पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक करायचा तेव्हा नाना त्याच्यासाठी असेच आपणहून उडायचे. पाठीवरून जाणाऱ्या माणसाने स्वतःचं वजन स्वतः उचललं की कसं लागतं, ते त्यांना आज पहिल्यांदा पाडणाऱ्याच्या बाजूने कळलं.

परीक्षक उठले. ते बारकीकडे बराच वेळ बघत होते. मग नानांना बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "हिला पडायला कुणी शिकवलं?"

"मी."

"असं पडणारं पोर मी पाच-सहा वर्षांत पाहिलं नाही," ते म्हणाले आणि कागदावर सही केली. नोंदणी कायम झाली. नानांनी या वेळी कागद उलटून मागची बाजू वाचली. ती कोरी होती.

सगळे गेल्यावर हॉलमध्ये दोघंच राहिली. गाद्या भिंतीला लावायच्या होत्या. बारकीने एक टोक धरलं, नानांनी दुसरं.

"पाय जरा लवकर उचललास," नाना म्हणाले.

ती थांबली. "किती लवकर?"

"मी वळायच्या आधीच तू वर होतीस."

"परीक्षकांना कळलं?"

"कळलं असावं."

"बाकीच्यांना?"

"नाही."

तिने खाली पाहिलं. "तुझा हात हलत होता. मला वाटलं, मी वाट बघत बसले तर तू थांबशील."

नाना गादीवर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवण्याचं त्राण राहिलं नव्हतं. "बारके, मी कधीच कुणाला पाडलं नाही. तीन वर्षांत एकालाही नाही. मला तेच येत नव्हतं. बाकीचे मला पाडायचे, आणि मी पडायचो. एवढंच माझं ज्युदो."

"एकालाही नाही?"

"नाही."

ती त्यांच्या शेजारी बसली. तिला वाईट वाटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तिनेही ते लपवलं नाही. बाहेर सेक्रेटरी कुणालातरी खुर्च्या मोजून घ्यायला सांगत होते.

"मग तू किती वेळा पडलास?"

नाना कारकून होते. त्यांनी मनात हिशेब केला. "रोज पंधरा धरले, सुट्ट्या वजा केल्या, तर नऊ-दहा हजार वेळा."

बारकीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "आणि लागलं किती वेळा?"

"एकदा. खांदा निखळला होता."

ती उठली आणि गादीचं टोक उचललं. "शाळेत दहा हजार वेळा पडलास असंच सांगते," ती म्हणाली. "खांद्याचं नाही सांगत."